परवान्याची चौकशी

“घरात भांडणतंटा, मारझोड वगैरे काही?” हवालदारांनी अर्जावरची नजर न काढता विचारलं.

“अहो, माझा लेक म्हणजे अगदी गरीब गाय,” सासूबाई चहा पुढे करत म्हणाल्या.

सासरे फौजेत होते. ते वारल्यावर त्यांची रायफल पोलीस ठाण्यात जमा करावी लागली होती आणि आता नवऱ्याला ती स्वतःच्या नावावर हवी होती. मृत्यूचा दाखला, डॉक्टरांचं प्रमाणपत्र, सासूबाईंची आणि नणंदेची संमती, सगळं अर्जाला जोडलेलं होतं. सून वारस नसते, त्यामुळे माझी सही कुणी मागितलीच नव्हती. सासरे अंथरुणाला खिळलेले असताना त्याच रायफलची नळी नवऱ्याने माझ्या कपाळाला लावली होती. ते त्या कागदांत कुठेच नव्हतं. आज मी ते सांगणार होते. आठ दिवस पोळ्या लाटताना मनात तीच वाक्यं घोकत होते.

हवालदारांनी पेन थांबवलं. “वहिनी, तुमचं काय म्हणणं? मोकळेपणाने सांगा.”

एरवी मुलीला जवळही न घेणाऱ्या नवऱ्याने तिला उचलून मांडीवर बसवलं. तिच्या मानेवरून हळूहळू बोटं फिरवत तो हसला. “बोल की, साहेब विचारतायत.”

चहा संपला की हवालदार निघून जाणार होते. आम्ही मायलेकी इथेच राहणार होतो.

“काही नाही,” मी म्हणाले.

“विचारावं लागतं हो आम्हाला,” असं म्हणत त्यांनी शेवटच्या रकान्यात सुवाच्य अक्षरांत लिहिलं, ‘पत्नीचीही हरकत नाही.’