राजे अडले की

"म्हणजे ते मशीन मोजणारसुद्धा?" बाईंनी विचारलं.

"मोजणार, बाई. नट कुठे अडला, किती वेळा अडला, सगळं इथे दिसणार." धाकट्या मालकांनी टॅबलेटवर टिचकी मारली. "राजेंचा आकडा फारच मोठा निघाला, तर त्यांना आता आराम देऊ. दुसरा नट बघून ठेवलाय."

आजच्या दुपारच्या प्रयोगानंतर स्वतःचं काम संपणार, हे त्यांना आधीच सांगितलं होतं आणि ते त्यांनी गिळलंही होतं. नाटक कंपनीत सध्या सगळे गिळायचंच काम करत होते. पडदे रंगवणारा पेंटर गेला, त्याच्या जागी मोठी स्क्रीन आली. तिच्यात महालही दिसतो आणि जंगलही, वर रंगाचा वास नाही. वादक गेले, त्यांचं अख्खं बिऱ्हाड एका लॅपटॉपात मावलं. आता विंगेत बसून नटांना विसरलेले शब्द पुरवणाऱ्या बाईंची पाळी. त्यांच्या जागी शेंगदाण्याएवढं एक मशीन नटाच्या कानात बसणार होतं, आजच्या प्रयोगात चाचणी म्हणून. पाळी कधीतरी येणारच होती. गुडघेही आता स्टुलावर बसू देत नव्हते.

पण राजेंचं काय?

राजे म्हणजे कंपनीचे मुख्य नट. जन्मभर राजाच्या भूमिका केल्या, म्हणून नावच राजे पडलं. घरी छप्पर गळायचं, ते वेगळं. बाईंचा नवरा याच कंपनीत दिवे सांभाळायचा. तो गेल्यावर मोठ्या मालकांनी, म्हणजे धाकट्यांच्या वडिलांनी, बाईंना विंगेत आणून बसवलं. महिनाभर बसून बघा, म्हणाले. त्या महिन्याची वर्षं झाली, आणि तेवढी सगळी वर्षं बाई बघत होत्या, की राजे अडतात.

अडले की राजे डाव्या विंगेपाशी यायचे आणि कमरेची तलवार चाचपायचे. ही खूण. मग बाई पुटपुटायच्या आणि राजे गरजायचे. गंमत अशी, की पानभर स्वगत राजे पाण्यासारखं म्हणायचे आणि "दरवाजा बंद करा" इथे त्यांची गाडी रुतायची. मोठे मालक विंगेत येऊन उभे राहिले, की तर हटकून रुतायची. दडपण येत असेल बिचाऱ्यांना, असं बाई मनात म्हणायच्या. राजे अडतात हे कंपनीला माहीत होतं. किती वेळा अडतात, ते मात्र बाईंनी कुणाला कळू दिलं नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. आता ती मूठ हे मशीन उघडणार होतं.

प्रयोगाआधी त्या रंगपटात गेल्या. राजे आरशासमोर मिशी चिकटवत होते.

"राजे, एक सांगू? अडलात तर मशीनची वाट बघू नका. नेहमीसारखी तलवार चाचपा. त्याच्या आधी मी सांगते. तेवढाच आकडा कमी."

राजे आरशातून त्यांच्याकडे बघत राहिले. "बाई, आज शेवटचा प्रयोग तुमचा. जरा निवांत बसा की."

"निवांत बसू? आणि तुम्ही तिकडे तोंडघशी पडलात म्हणजे?"

"तेही खरंच," राजे म्हणाले. त्यांचा आवाज फार दमलेला वाटला.

पडदा वर गेला. बाई संहिता मांडीवर उघडून बसल्या. बोट ओळीवर, डोळे राजेंच्या कमरेवर. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्या कुणाशी तरी शर्यत लावून बसल्या होत्या.

राजे डाव्या विंगेकडे फिरकलेच नाहीत. "दरवाजा बंद करा" आलं. बाईंनी श्वास घेऊन ठेवला, तोवर राजे म्हणून पुढेही गेले. दुसऱ्या अंकात जिथे ते हमखास अडायचे, तिथेही तेच. वाक्यामागून वाक्य येत होतं, कुठे खळ नाही, खंड नाही. मशीन एकसारखं कानात बोलत असणार, दुसरं काय. बाईंना आधी राग आला, मग वाईट वाटलं. इतकं चोख काम आपल्याला कधी जमलं नाही, याचं वाईट. आणि आकडा? आकडा तर आभाळाला भिडला असेल.

टाळ्या बऱ्याच वेळ वाजत होत्या. बाई संहिता काखेत मारून उठल्या. मनात वाक्य जुळवून ठेवलं होतं: मालक, यांना एकदम काढू नका, नव्या मशीनची सवय होईपर्यंत तरी थांबा. हात जोडावे लागले तर तेही करायची तयारी होती. स्वतःसाठी त्यांनी कधी कुणापुढे हात जोडले नव्हते.

रंगपटाचं दार अर्धवट लोटलेलं होतं. आत धाकटे मालक बोलत होते.

"एकदाही नाही! राजे, मशीनला एक शब्द सांगावा लागला नाही तुम्हाला. बिघडलंय की काय हे?"

"बिघडलेलं नाही."

"मग बाबा का म्हणायचे, बाईंशिवाय राजेंचं पान हलत नाही म्हणून? इतकी वर्षं तुम्ही अडत होतात, ते काय होतं?"

बाईंचा हात दाराला लागलेला होता.

"हळू बोल," राजे म्हणाले. "नवरा गेला होता तिचा, पदरात दोन पोरं होती. मी अडलो नसतो, तर तुझ्या बाबांनी तिला पहिल्याच महिन्यात घरी पाठवलं असतं."