रिव्हर्स

करडीच्या त्या अरुंद अंगणातून गाडी काढायची तर रिव्हर्सच घ्यावा लागायचा, आणि नेमका आजच तो लागत नव्हता. मागच्या सीटवर चिंधूजींना धाप लागली होती. विमलाबाई त्यांची छाती चोळत होत्या. समोर स्टिअरिंगवर त्यांच्या मुलाला, धर्मेंद्रला, घाम फुटला होता. जुनी ऑटोमॅटिक गाडी घेऊ नको, असं आईबापानं किती सांगितलं होतं त्याला!

“आर वर टाकलं ना? मंग रेस दे,” फोनच्या स्पीकरवरून शहापूरचा मिस्त्री म्हणाला.

“देऊन राहिलो ना भाऊ! इंजिन बोंबलते, पण गाडी जागची हालत नाही.”

“गिअरबॉक्सचं तेल गेलं असन. एक डाव एक्सलेटर पुरा दाबून पाहा.”

मागचं दार वाजलं. वडील त्याच्या खांद्याला धरून काहीतरी सांगू पाहत होते.

“बाबूजी, बोलू नका, दम लागते तुम्हाले!” धर्मेंद्र खेकसला आणि त्यानं एक्सलेटर पुरता दाबला. गाडी एकदम उसळून मागं गेली.



“अरे, तुही आई…” चिंधूजींना कसेबसे शब्द फुटले, “बैलबंडीले लावते तसा चाकामागं दगड लावला होता तिनं… तो काढाले उतरली.”