‘इतर’ नावाचा खण

बाबांचा हात तिसऱ्या ओळीतल्या पाचव्या खणापाशी जाऊन थबकला. खणावर नवी कोरी चिठ्ठी होती, लेकीच्या वळणदार अक्षरातली: ‘कड्या’. त्यांनी खण ओढला. आत कड्याच होत्या. त्यांनी तो हळूच लोटला आणि गिऱ्हाइकाकडे बघून ओशाळं हसले.

गिऱ्हाईक म्हणजे समोरच्या शिंपीणबाई. त्यांच्याकडचा नळ टपकत होता. लेक पुढे झाली, अकरा पानी यादीवरून बोट फिरवलं, ‘व’मध्ये वायसर, खण चौऱ्याहत्तर, आणि बघता बघता वायसर काउंटरवर हजर. शिंपीणबाईंनी तिचं तोंडभरून कौतुक केलं. बाबा स्टुलावर जाऊन बसले.

तीन महिन्यांपूर्वी मेंदूला आलेल्या झटक्याने बाबांचे हातपाय शाबूत ठेवले होते. नेली ती नावं. वस्तूंची, माणसांची, लेकीचंसुद्धा. चिठ्ठीवरची अक्षरं लागायची, पण ते नाव कशाचं, ते काही केल्या लागेना. आणि नावांवाचून वाक्यं उभी राहीनात, म्हणून बाबा गप्पच झाले होते. दादाचं म्हणणं, आता हार्डवेअरचं दुकान पुरे, त्यांनी घरी पडून राहावं. लेकीने भांडून आजचा एक दिवस मागून घेतला होता. बाबांना जमलं तर जमलं. नाहीतर संध्याकाळी दादा येऊन किल्ली घेऊन जाणार होता.

म्हणून तर तिने रजा काढून हा सगळा घाट घातला. ऑफिसातलं दप्तर तिच्याच ताब्यात, वर्गवारी म्हणजे तिचा हातखंडा. बाबांच्या खणांत तर नुसता सावळागोंधळ होता. तेलाच्या कुपीशेजारी पेन्सिलीचा तुकडा काय, वायसरच्या मांडीला मांडी लावून दोऱ्याचं रीळ काय! तिने सगळं उपसलं आणि अकारविल्हे लावलं. खिळे खिळ्यांत, बिजागऱ्या बिजागऱ्यांत. जे कशातच बसेना, साबणाच्या चिपा, मेणबत्तीची बुडखी, पुठ्ठ्याच्या घड्या, ते तळच्या मोठ्या खणात लोटलं आणि वर चिठ्ठी चिकटवली: ‘इतर’.

दुपारपर्यंत सात गिऱ्हाइकं आली. सातही जणांना सामान तिनेच काढून दिलं. मग बाबांनी कमरेची किल्ली सोडली आणि तिच्यापुढे ठेवली. तिला ती उचलवेना.

तेवढ्यात पोस्टमन आला.

“काय डॉक्टर, रजा फार लांबवलीत.”

सगळी गल्ली बाबांना डॉक्टरच म्हणायची. कारण दुकानात कुणी पाऊल टाकलं की बाबा ‘काय हवंय’ असं कधी विचारत नसत. चष्म्यावरून बघत आणि म्हणत, ‘काय होतंय?’ पोस्टमनने सवयीने दुखणं सांगितलं: टेबलाचा ड्रॉवर करकरतो, मध्येच अडकतो, आणि बायको म्हणते टेबल तरी काढा नाहीतर मी तरी निघते. लेकीने यादी उघडली. ‘ड’ पाहिला, ‘ट’ पाहिला. हाती काही लागेना.

“करकर,” बाबा म्हणाले.

ते उठले, वाकले, ‘इतर’चा खण ओढला आणि साबणाची एक चीप पोस्टमनच्या हातावर ठेवली. कशी घासायची ते हवेत घासून दाखवलं. पोस्टमन खूश होऊन गेला. बाबा मात्र थांबले नाहीत. मेणबत्तीचं बुडखं काढलं, तेलाची कुपी शोधून आणली, कुलपात पूड टाकायचा तो पेन्सिलीचा तुकडा आणला, आणि सगळं एका जागी मांडून त्यावर तळहात ठेवला.

“करकर,” ते पुन्हा म्हणाले. जणू ओळख करून देत होते.

लेक बघत राहिली. तिने एकेका वस्तूला तिचं नाव विचारलं होतं. बाबांनी उभ्या आयुष्यात ते विचारलंच नव्हतं.

मग तिने काउंटरवर बोटाने ठोकलं. “टपटप?” बाबांनी वायसर काढले आणि शेजारी नळाच्या आट्यांना गुंडाळायचं ते दोऱ्याचं रीळ ठेवलं. तिने स्टूल हलवलं. त्यांनी पुठ्ठ्याच्या घड्या दाखवल्या आणि स्वतःच म्हणाले, “डुगडुग.” ती नखांनी चिठ्ठ्या खरवडत सुटली, नव्या लिहीत सुटली. खडखड. घरघर. बाबा नवी चिठ्ठी वाचायचे आणि हात बरोबर खणात जायचा. नावं ज्याने नेली, त्याने आवाज मागे ठेवले होते. त्या वरच्याची कृपा अशीच, दिसायला अर्धीमुर्धी आणि असायला पुरती.

पाचाच्या सुमाराला ‘इतर’चा खण रिकामा झाला. तिने त्या अकरा पानी यादीची घडी केली आणि त्यात ठेवून दिली.

दादा आला तेव्हा जमिनीवर चिठ्ठ्यांचा सडा पडला होता. “बघितलंस? हे असं होणार माहीत होतं मला,” तो दारातूनच बहिणीला म्हणाला. “आण ती किल्ली.”

किल्ली काउंटरवर नव्हती. बाबांच्या कमरेला होती. ते काउंटरमागे उभे राहिले, चष्मा नाकावर ओढला आणि त्यावरून दारातल्या माणसाकडे पाहिलं.

“काय होतंय?”

दादाने तोंड उघडलं, पण काय होतंय ते त्याला धड सांगता येईना. बाबा थांबले. गिऱ्हाइकाला घाई करायची त्यांची रीत नव्हती.