राजुरीचं स्थळ आणि कांद्याचा पापुद्रा

“काचेखाली बुडबुडा राहिला तर पुन्हा करायला लावीन हं!” अश्विनीबाईंनी नववीच्या वर्गाला दम भरला, तेवढ्यात शिपाई भगवंत दारात आला.

“बाई, पावणं आलेत,” तो गालातल्या गालात हसला.

मागे तिशीचा एक तरुण उभा होता. इस्त्रीचा शर्ट, बुटांवर घाटघरची लाल धूळ. बाईंनी पदर सारखा केला. राजुरीचं स्थळ! एसटीच्या कंडक्टरबरोबर आईला निरोप त्यांनीच धाडला होता: पोह्यांचा कार्यक्रम नको, मुलाने एकट्याने शाळेत यावं, मला शिकवताना पाहावं. ‘लग्नानंतर नोकरी सोडायची’ एवढ्या एका अटीपायी त्यांनी तीन स्थळं परत पाठवली होती. चौथंही जाऊ नये, असं मात्र त्यांना मनापासून वाटत होतं.

“मुख्याध्यापक नाहीत म्हणे. मी मागं बसतो, तुमचं चालू द्या,” तरुण म्हणाला.

“मागं बसून काय कळणार? या पुढं. हा कांदा घ्या.”

पोरं खुसखुसली. पाहुण्याने निमूट कांदा चिरला, पाकळीच्या आतला पापुद्रा चिमट्याने अलगद सोडवला, बाहीने डोळे पुसले. काचपट्टी, आयोडीनचा थेंब, वर पातळ काच. एकही बुडबुडा नाही! राजुरीच्या कांदेवाल्यांच्या घरचा, हात बसलेला असणारच, बाई मनात म्हणाल्या.

मग त्याने सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला तो हलेचना.

“भिंत रचल्यागत दिसतंय की! एकेका विटंत एकेक ठिपका.”

“ठिपका न्हाई, केंद्रक हाय त्ये,” रांगेत उभ्या भागूने त्याची चूक दाखवली. “सरका ना पावणं, माजा नंबर हाय.”

तो हसत सरकला. भागूला त्याने दोनचार प्रश्न विचारले, मुली किती, मुलं किती तेही विचारलं आणि डायरीत काहीतरी टिपलं. किती चौकस माणूस! बाईंना तो आवडला होता. फार आवडला होता.

तास संपला, पोरं पांगली. बाईंनी धीर केला.

“एक स्पष्ट सांगते. लग्नानंतर मी नोकरी सोडणार नाही. चालेल?”

तरुण जरा गोंधळला. डायरीकडे पाहिलं, बाईंकडे पाहिलं.

“चालेल की. का नाय चालणार?”

बाईंना आभाळ ठेंगणं झालं. काचपट्ट्या धुताना त्या चक्क गुणगुणत होत्या.

थोड्या वेळाने भगवंत शाळेचं शेरेबुक घेऊन आला. “पावणं लिवून गेलं, बाई. तुमची सही पायजे.”

बाईंनी लाजतच वही उघडली.

“इयत्ता नववीचा विज्ञानाचा तास पाहिला. अध्यापन उत्तम. बाई लग्नानंतर नोकरी सोडणार नाहीत. कार्यालयाची हरकत नाही. — शिक्षण विस्तार अधिकारी, पंचायत समिती.”