पाण्याकडची खिडकी

तीन वीसची गाडी फलाटाला लागली आणि थोरलीची नजर सरळ शेवटच्या डब्यावर गेली. बाबा होते. पलीकडच्या खिडकीला, पाण्याकडे तोंड करून, फलाटाकडे पाठ. म्हणजे नेहमीसारखेच. नवीन होती ती बाकावरची ट्रंक.

थोरली या स्टेशनची मास्तर. स्टेशन लाइनीवरचं शेवटून दुसरं. इथून रूळ खाडीला मोठा वळसा घालतात आणि जमिनीच्या चिंचोळ्या टोकाला जाऊन संपतात. टोकाच्या स्टेशनची मास्तर धाकटी. सख्ख्या बहिणी, दोघींच्या छातीवर एकच बिल्ला. पण लोक हवा खायला जातात ते टोकाला आणि फोटो काढतात तेही टोकाचेच. थोरलीच्या स्टेशनवर कोणी उतरलंच तर बहुतेक चुकून.

आणि आता बाबाही तिकडेच निघाले होते. शहरातली खोली सोडून, कायमचे. आजवर महिन्यातून दोनदा तरी ते इथून जात-येत. एकदा टोकाला जाऊन बसले की पुन्हा कशाला गाडीत चढतील? थोरलीने आपल्या क्वार्टरची मागची खोली रंगवून घेतली होती, खिडकीला डासांची जाळीसुद्धा लावली होती. धाकटीने काय केलं होतं? नुसता फोन. "बाबा, या." की बाबांनी ट्रंक भरली!

धाकटीचं काही चांगलं झालं की थोरलीच्या पोटात दुखायचं, हे ती स्वतःशी कबूल करायची. आज तर कळच आली होती.

फोन वाजला. धाकटीच होती.

"ताई, लाइन मोकळी आहे, सोड गाडी. बाबा नीट बसलेत ना? मुलं केव्हाची फलाटावर येऊन उभी आहेत."

मुलांचं नाव काढायची काही गरज होती का?

"बसलेत," म्हणून थोरलीने फोन ठेवला. सिग्नलच्या खटक्याला मात्र हात लावला नाही. बाहेर आली आणि तरातरा गाडीच्या शेपटाकडे चालू लागली.

गार्ड खाली उतरून उभा होता. "मॅडम, सिग्नल?"

"मिळेल."

ती डब्यात चढली. "बाबा, उतरा."

बाबांनी मान वळवली. "गाडी का अडलीय?"

"मी अडवलीय."

बाबांनी खिशातून घड्याळ काढलं. "चौतीस वर्षं गार्ड होतो मी. माझ्यामुळे गाडीला कधी एक मिनिट उशीर झाला नाही. आणि आज माझीच पोरगी चार मिनिटं खाऊन बसलीय."

"खोली रंगवलीय तुमच्यासाठी."

"ऐकलं. छान केलंस. पण तू बारा-बारा तास इथे. मी काय भिंतींशी गप्पा मारू? तिकडे जावई आहे, पोरं आहेत. घरात आवाज आहे."

खरं होतं ते, म्हणूनच जास्त झोंबलं. डब्यातल्या दोघा-चौघांनी कान टवकारले होते. टवकारू देत, ती मनात म्हणाली.

"राहा मग तिकडे. खुशाल राहा! पण इथून जाताना एकदा तरी माझ्याकडे बघावंसं वाटलं तुम्हाला? दर वेळी तीच खिडकी, दर वेळी माझ्याकडे पाठ. तिचं टोक कधी दिसतंय, याचीच घाई!" शेवटी तिचा आवाज फाटला. स्वतःच्याच कानांना तो दहा वर्षांच्या पोरीसारखा वाटला आणि तिला लाज वाटली.

बाबांनी काचेवर बोट टेकवलं.

"फलाटाकडच्या खिडकीतून तू एक मिनिट दिसतेस. गाडी हलली की संपलं. ह्या खिडकीतून, गाडी खाडीला वळली ना, की पाण्यापलीकडे तुझं स्टेशन दिसतं. पार टोक येईपर्यंत. अकरा मिनिटं." त्यांनी घड्याळ खिशात ठेवलं. "पण तू गाडी निघाली की लगेच आत जातेस. मी आपला रिकामा फलाट बघत बसतो."

बाहेर गार्डने घसा खाकरला.

ती खाली उतरली. आत जाऊन खटका ओढला. सिग्नल पडला, गार्डने शिट्टी दिली, गाडी हलली.

एरवी शेवटचा डबा पुढे सरकला की ती वळून कचेरीत जायची. आज फलाटाच्या पार टोकाला जाऊन उभी राहिली, हिरवं निशाण हातात धरून. गाडी झाडांआड गेली. बराच वेळ काहीच दिसेना. मग पाण्यापलीकडे निघाली, काडेपेटीएवढी. शेवटच्या डब्यातून काहीतरी पांढरं हललं. रुमाल असावा.

तिने निशाण डोक्यावर उंच धरलं. हात भरून आला तरी खाली घेतलं नाही.

कचेरीत फोन खणखणू लागला. धाकटीच असणार. गाडी का अडली होती, आता कुठे पोचली, बाबा कसे आहेत, सगळं विचारणार.

"वाजू दे," थोरली मोठ्याने म्हणाली. "अजून नऊ मिनिटं ते माझे आहेत."