ओवाळणीची गाडी

चांदणीने बोनेटवर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. बोनेट तापलेलं होतं.

हातातला झेंडूचा हार तिने तसाच आरशाला अडकवला. पूजेसाठी नाक्यावर जाऊन ती तो आत्ताच घेऊन आली होती. गाडी तिला भावाने, बाळारामने, भाऊबीजेची ओवाळणी म्हणून दिलेली. काल संध्याकाळी तो आणि वहिनी, शांती, ती घेऊन तारोडीला तिच्या घरी मुक्कामालाच आले होते. चांदणीने एकच गोष्ट बजावून सांगितली होती: सकाळी गाडी मी सुरू करणार, माझ्याआधी कोणी हात लावायचा नाही.

"दादा, गाडी सुरू केलीस?"

"न्हाय गं." बाळाराम ओट्यावर बसून चहा पीत होता.

"मग गरम कशी?"

"उनानं तापली असंल."

ऊन अजून टेकडीच्या पलीकडे होतं. बाळारामचा जुन्या गाड्या विकायचा धंदा, आजवर कितीतरी गिऱ्हाइकांना त्याने टोप्या घातल्या. निदान बहिणीसाठी तरी जरा बऱ्या कापडाची शिवायची.

तेवढ्यात शांती आरतीचं ताट घेऊन बाहेर आली. "अगं बाय, यांनी मघाशी चालू केली व्हती की. चहा व्हईपर्यंत फुरफुरत व्हती. मी म्हणलं, बाय येऊ दे. तर म्हणले, थंड गाडी चालू करायचा तिला तरास नको."

बिचारीने नवऱ्याची बाजू घ्यायलाच तोंड उघडलं होतं. बाळारामने तिच्याकडे असं पाहिलं की ताट पायरीवर ठेवून ती मागे सरली.

चांदणीच्या डोक्यात तिडीक गेली. रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी पहिल्यांदा सुरू केली, की आतली टायमिंग चेन झिजलेली असेल तर काही क्षण खडखडते. तेल वर चढलं की गप्प होते. एकदा गरम केलेलं इंजिन ही चुगली करत नाही. बाळारामला हे ठाऊक होतं, धंदाच तो. चांदणीला ठाऊक होतं, कारण ती दुसऱ्याची शाळेची व्हॅन चालवायची आणि त्या व्हॅनची चेन उत्तनच्या चढावर तुटली होती, आत पोरं असताना. इंजिन जागीच बसलं, व्हॅन मागे घसरायला लागली. त्या पोरांच्या किंकाळ्या अजून तिच्या कानांतून गेल्या नव्हत्या. आता तीच पोरं ती या गाडीतून नेणार होती.

तिने बोनेट उघडलं. घरातून स्क्रूड्रायव्हर आणला आणि इंजिनात तेल भरायचं झाकण फिरवून काढलं.

"पूजा सोडून ह्ये काय चाललंय?" बाळाराम उठून आला. "ओवाळणी कुनी तपासून घेतं का? धर्माची गाय आन् दात का गं न्हाय!"

धर्माची गाय म्हणे. उद्या सकाळी भाईंदरच्या कचेरीत जाऊन चांदणी बापाच्या भातशेतातला आपला वाटा सही करून या भावाच्या नावे सोडून देणार होती. मोबदला काही नाही. सगळ्याच बहिणी सोडतात. वाटा मागितला की माहेर तुटतं, असं आई सांगत आली होती आणि चांदणीने कधी उलट विचारलं नव्हतं. ओवाळणीच्या ताटात गाडीची किल्ली पडली तेव्हा तर तिला भरून आलं होतं. दादाने आठवण ठेवली, असं ती अख्ख्या आळीत सांगत फिरली होती. त्या फिरण्याची आता तिला लाज वाटली, आणि लाज वाटली म्हणून राग आणखी चढला.

मोबाइलचा उजेड आत पाडून तिने स्क्रूड्रायव्हरच्या टोकाने चेन दाबली. बंद इंजिनातही ती ताठ असायला हवी होती. ती ओल्या धुण्याच्या दोरीसारखी खाली गेली.

"बघ."

बाळारामने पाहिलं नाही. "जुनी गाडी हाय. एवढंतेवढं चालायचंच. तुला काय, शाळेपर्यंत तर जायचंय."

"पोरं घेऊन जायचंय."

"काय व्हत न्हाय गं."

"तुला म्हाईत व्हतं, दादा. म्हणून तर मी हार आनायला गेल्यावर चालू केलीस."

चोराच्या उलट्या बोंबा, तसा बाळाराम उसळला. "भावानं गाडी दिली त्याचं काय न्हाय, चेन बघत बसलीस! लोकांच्या बहिनी एका साडीवर सह्या करतात."

बोलून गेल्यावर त्याचं त्यालाच कळलं. शांतीने मान खाली घातली. तिनेही आपल्या भावांना अशीच सही दिली होती.

चांदणीने स्क्रूड्रायव्हर बाजूला ठेवून झाकण उचललं. विषय मिटला, असं बाळारामला वाटलं असावं. त्याने आवाज खाली आणला. "बरं, चेन बदलून देतो. आजच देतो. मंग तर झालं? उद्या सकाळी सहीला तेवढी येळेवर ये."

चांदणीने झाकण घट्ट बसवलं. हात पुसले.

"उद्या कचेरीत न्हाय," ती म्हणाली. "उद्या शेतावर जाऊ. माझा वाटा कुठून कुठवर हाय, त्यो मला आधी चालून दाखव."