चाळीस फूट

“काका, बाबांच्या कपाटात एक जुना नकाशा सापडलाय. तुम्ही बघितलात की ओळखाल,” साहेबांची मुलगी म्हणाली, आणि म्हाताऱ्या आरेखकाचा पाय जिन्याच्या तिसऱ्या पायरीवरच अडला.

कुठला नकाशा, हे त्याने विचारलं नाही. उत्तर त्याला ठाऊक होतं.

संध्याकाळी साहेबांची शोकसभा होती. मुलीने खालच्या खोलीत वडिलांचं अख्खं आयुष्य मांडून ठेवलं होतं. नगररचना कार्यालयातली लांब पट्टी, पंप विकत दारोदार फिरले तेव्हाची बॅग, आणि मुलांना फुटबॉल शिकवताना गळ्यात असायची ती शिट्टी. भिंतीला वसाहतीचा अंतिम नकाशा टेकवलेला होता. त्याच्या कोपऱ्यात आरेखकाचं नाव होतं.

“याच्या शेजारी तो लावू,” ती वर जाता जाता म्हणाली. “मैदान एवढंसं का, असं प्रत्येक बॅच विचारते. बाबा नेहमी हसण्यावारी न्यायचे.”

“जुने कागद कोण बघतंय गं?”

“मुलं बघतील ना!”

बोलताना ती आपल्याकडे जरा जास्तच वेळ बघते आहे, असं त्याला वाटलं. सकाळपासून तेच चाललं होतं. चहा देताना वहिनी म्हणाल्या होत्या, “सभेत पहिलं तुम्हीच बोला, भावजी. सगळ्यात जवळचे तुम्ही.” जवळचे, हा शब्द त्यांनी मुद्दाम ओढला होता की काय, कोण जाणे.

तीस वर्षांपूर्वी त्या वसाहतीचा आराखडा साहेबांनी केला होता. पेन्सिलीचा मूळ कागद त्यांचा, त्यावरून शाईत उतरवलेला अंतिम नकाशा आरेखकाचा. तो मंजूर झाला, कुंपण घातलं गेलं आणि मग लोकांच्या लक्षात आलं, की कबूल केलेल्या मैदानातले चाळीस फूट गायब आहेत. त्या जागी दुकानांचे गाळे उभे राहत होते. बोंबाबोंब झाली, चौकशी लागली.

साहेबांनी त्याला आत बोलावून दार लावून घेतलं होतं. “माझ्या कागदावर एकशे ऐंशी फूट आहे. तू एकशे चाळीस काढलंस.”

आरेखकाची नोकरी कच्ची, लग्नाला दोन महिने झालेले. दिवसाला चार-चार नकाशे हातावेगळे करणाऱ्या माणसाला एकेक आकडा कसा आठवणार?

“घाबरू नकोस,” साहेब म्हणाले. “मूळ कागद मी बाहेर येऊ देत नाही. सही माझी, जबाबदारी माझी. तू फक्त तोंड उघडू नकोस.”

साहेबांनी राजीनामा दिला. चूक अंगावर घेणारा अधिकारी लोकांनी कधी पाहिलाच नव्हता; त्यांनी साहेबांना डोक्यावर घेतलं. साहेब आधी दारोदार पंप विकत फिरले, पुढे नव्या गाळ्यांच्या कोपऱ्यावर त्यांनी स्वतःचं दुकान टाकलं. टकल्यालाही कंगवा विकून येतील, असे ते. मग त्यांनी त्याच तोकड्या मैदानावर मुलांना फुटबॉल शिकवायला घेतलं. “इथे खेळायला शिकलेला पोरगा कुठेही खेळेल,” असं ते पालकांना पटवून देत, आणि पालकांना ते पटत असे.

आरेखकाने बढतीची परीक्षा कधी दिली नाही. आपली लायकी नाही, हे त्याने मनाशी पक्कं केलं होतं. दर रविवारी मैदानावर चुन्याच्या रेघा मात्र तोच मारायचा, तीस वर्षं, न चुकता. साहेब येऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवत. तेवढ्यावर त्याचा आठवडा निघायचा.

आता त्याची नात त्या संघाची कर्णधार होती. संध्याकाळी ती पहिल्या रांगेत बसणार, समोर दोन्ही नकाशे शेजारी शेजारी टांगलेले, आणि चुकलेल्या नकाशावर आजोबांचं नाव.

मुलीने कपाटातून गुंडाळी काढून टेबलावर ठेवली. “बाबा ही कुणालाही उघडू द्यायचे नाहीत. यात एका माणसाची अब्रू आहे, म्हणायचे. कुणाची हो, काका?”

“मला काय माहीत?”

“तुम्ही एवढे जवळचे!” ती हसली. ते हसणं त्याला मुळीच आवडलं नाही.

खालून माइकवाल्याची हाक आली. “आलेच,” ती म्हणाली. “सांभाळून हं काका. एकच प्रत आहे.”

तिची पावलं जिन्यावर वाजली, तसा त्याने फीत सोडली. मैदानाचा चौकोन दिसताच त्याने मान फिरवली. आपल्या चुकीचा पुरावा डोळ्यांनी बघायची त्याची हिंमत नव्हती. दाराकडे बघत बघतच त्याने तेवढा भाग फाडला, त्याचे बारीक बारीक तुकडे केले आणि खिशात कोंबले. वाळवी लागली होती, हातात घेतला आणि विरला, असं सांगायचं. काम एका मिनिटात झालं.

एक तुकडा टेबलाखाली पडला होता. तो उचलताना मात्र त्याची नजर गेलीच. साहेबांच्या ठसठशीत अक्षरात आकडा होता, १४०. खाली पुसट खोडलेला १८०.

त्याला भडभडून आलं. आपल्याला वाचवायला साहेबांनी स्वतःचा मूळ कागदसुद्धा बदलून ठेवला होता! असा माणूस पुन्हा होणे नाही. आज सभेत हे सांगायचंच, जे व्हायचं ते होवो. डोळे पुसून त्याने तो तुकडा खिडकीच्या उजेडात धरला.

मूळ कागदावरचा आकडा शाईत उतरवून झाला, की आरेखक त्यावर निळ्या पेन्सिलीने एक बारीकशी खूण करत असे. त्याच्या हातची ती खूण १४० वर होती.